थंडरबर्ड मोटारसायकल ९२,००० किमी पळालीय, विकायची कशी?

वडगाव, बेळगाव: २०१३ची थंडरबर्ड ३५०, केए-२२ म्हणजे बेळगावचा नंबर, पहिल्यापासून माझ्याच हातात. चोर्ला घाटानं गोव्याला किती वेळा गेलोय, गणती नाही. दर ३,००० किमीला ऑइल बदललं, पावत्या वहीत चिकटवल्यात. गुडघा साथ देईना, म्हणून विकायलोय. लोक मीटर बघूनच माघारी फिरतात, लई वाईट वाटतं.

निपाणी: वही पुढं ठेवा. सकाळी इंजिन गार असताना घेणाऱ्यालाच स्टार्ट करू द्या. गिऱ्हाईक कोल्हापूरचं असेल तर आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, लागते. तिकडं रोड टॅक्स परत भरायचा असतो, त्यामुळं भाव पाडून मागणारच.

खानापूर: गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३०वर सह्या झाल्याशिवाय चावी देऊ नका. चेन-स्प्रॉकेट कधी बदललंय? रविवारी बघायला येऊ का?

वडगाव, बेळगाव: दिवाळीत, ८७,००० किमीला. या की, वही काढून ठेवतो.