हौशी लोहारकाम : काय घडवलं, काय बिघडलं

ज्यांचं पोट लोहारकामावर नाही, पण सवड मिळाली की जे भट्टी पेटवून बसतात, त्यांच्यासाठी हा धागा. तयार वस्तूंचे फोटो सगळेच दाखवतात. इथे भंगाराच्या पेटीत गेलेल्या तुकड्यांबद्दलही लिहा. काय करायला घेतलं होतं, माल कोणता होता, कुठे बिनसलं आणि कारण नंतर काय सापडलं, एवढं आलं की वाचणाऱ्याच्या कामी येतं. सुरक्षिततेवर प्रवचनं नकोत. भाजलं असेल तर कसं भाजलं ते मात्र जरूर सांगा.

सुरुवात मीच करतो. पानाच्या आकाराचा भिंतीवरचा आकडा (हुक) बहुतेक नवखे करतात, कारण त्यात निम्मं लोहारकाम येतं: टोक काढणं, खांदा पाडणं, पसरवणं, वाकवणं. अडचण अशी की पान ठोकून पातळ झालेलं असतं, देठ बारीक असतो आणि मागची सळई जाड. तिन्ही एकाच वेगाने तापत नाहीत. सळई नारिंगी व्हायची वाट पाहत बसलं की तोवर पान पिवळ्याच्या पुढे जातं आणि फुलबाजीसारख्या ठिणग्या सोडू लागतं. त्या ठिणग्या म्हणजे लोखंड प्रत्यक्ष जळतंय. जळलेला भाग पुन्हा सुधारत नाही, कापूनच टाकावा लागतो. आता मी पान निखाऱ्यांच्या पलीकडे बाहेर काढून ठेवतो आणि वाकवायचा तेवढाच देठ आगीत ठेवतो. साधं लोखंड असेल तर पान मध्येच पाण्यात बुडवून गार केलं तरी चालतं. पोलादाला हा लाड करू नये.

*

पोलादाला का करू नये, ते माझ्याकडून ऐका. जुन्या कानशीची सुरी करत होते. कानशीत साधारण १ टक्का किंवा थोडा जास्तच कार्बन असतो, म्हणून ती पाणी झकास घेते, म्हणजे लाल तापवून एकदम बुडवली की कडक होते. पात्याचा आकार मनासारखा जमला होता, घासून झालं होतं. लाल करून पाण्यात घातलं आणि बादलीतून बारीकसा 'टिंग' आवाज आला. हा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. वर काढलं तर धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी भेग.

झालं असं की गार होताना पोलादाची आतली रचना बदलते आणि ते किंचित फुगतं. बाहेरचा थर आधी कडक होतो, आतला मागाहून फुगतो, आणि मधल्या ताणाला जिथे फट मिळेल तिथे ते फाटतं. माझ्या पात्याच्या पाठीवर कानशीचे दाते शोभेसाठी तसेच ठेवले होते. प्रत्येक दात्याचा खाचा म्हणजे भेगेला आयतं आमंत्रण.

पुढच्या कानशीचे दाते आधी पूर्ण घासून काढले. घडाई झाल्यावर पातं लाल करून हवेत सावकाश गार होऊ दिलं, असं दोन-तीनदा, म्हणजे ठोकाठोकीचा ताण निघून जातो. मग खाद्यतेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून त्यात पाणी दिलं. (तेलात बुडवलं तरी आपण 'पाणी दिलं'च म्हणतो.) गार तेल घट्ट असतं, पात्याभोवती नीट फिरत नाही, त्यामुळे कोमट तेलातच पातं जास्त लवकर निवतं. गाडीचं जळकं तेल फुकट मिळतं, पण त्याच्या धुरात काय काय असतं याचा विचार करा. नंतर ओव्हनमध्ये २०० ते २२० अंशांवर तासभर, दोन वेळा. घासलेल्या जागेवर फिकट गवती पिवळा रंग चढला की थांबायचं.

*

वरच्या ताईंच्या अनुभवात भर. पाणी देताना 'चुंबक चिकटेनासा झाला की बुडवा' असा सल्ला सर्रास मिळतो. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांच्या आसपास जातं. बऱ्याच पोलादांना त्याच्या थोडं पुढे, आठशेच्या आसपास जावं लागतं. म्हणजे चुंबक ही खूण झाली, मुक्काम नव्हे. आणि हे काम सावलीत करा. उन्हात तोच तुकडा कमी तापल्यासारखा दिसतो, आपण अजून तापवत राहतो, आणि पोलादातले दाणे मोठे होतात. शंका असेल तर त्याच पट्टीचा टाकाऊ तुकडा आधी पाणी देऊन मोडून बघावा. भंग करडा आणि बारीक पोताचा दिसला तर ठीक. दाणे डोळ्यांना चमकताना दिसले तर उष्णता जास्त झाली.

*

एकच ओळ. तापलेला तुकडा काँक्रीटच्या फरशीवर पडला तर लगेच उचला. काँक्रीटमधल्या ओलाव्याची वाफ होते आणि कपची बंदुकीतून सुटल्यागत उडते. माझ्या पोटरीला लागली आहे.

*

आमच्याकडे दगडी कोळशाची भट्टी आणि विजेवरचा पंखा. एकदा पंखा बंद करून मी मापं घ्यायला गेलो. नुकताच ओला कोळसा वर ओढला होता, आणि त्यातून निघणारा वायू वर जायला वाट नसल्याने खालच्या हवेच्या नळीत उतरून साठला. परत येऊन पंखा लावला, हवा गेली, नळीत धडाम! नळीच्या तळाशी राख काढायला असतं ते झाकण उडून पार भिंतीला लागलं. घरातले धावत बाहेर आले. मला काही झालं नाही, पण त्यानंतर आठवडाभर भट्टीकडे जाताना पाय मागे ओढत होते.

उपाय सोपा निघाला. काम थांबवताना पंखा पुरता बंद न करता हवा अगदी मंद चालू ठेवायची आणि वर एक ज्वाळ जिवंत ठेवायची, म्हणजे निघेल तो वायू वरच जळून जातो. राखेचं झाकण सैलच ठेवावं. दाब वाढला तर तेच उघडतं आणि नळी फुटत नाही. जुने लोक भाता वापरत, त्यांच्याकडेही हा प्रकार होतोच. भात्यात वायू परत शिरला तर चामडं फाटायचं.

लोणारी (लाकडाच्या) कोळशात ही कटकट नाही, कारण त्यातला वायू कोळसा करतानाच निघून गेलेला असतो. पण तो भराभर संपतो आणि ठिणग्या फार उडवतो.

*

चौकोनी सळईला पीळ घालायचा हौशी लोकांना भारी सोस, मलाही आहे. चूल ढोसायची सळई, कडी, दाराची मूठ, जे दिसेल त्याला पीळ. पण पीळ एकसारखा येत नाही अशी तक्रार असते. हाताचा दोष क्वचितच असतो, दोष तापवण्याचा. जो भाग जास्त गरम तो आधी वळतो, आणि सगळे आटे तिथेच गोळा होतात.

म्हणून एक छोटा डबा घ्या, त्याला बारीक भोक पाडा, दांडा लावा. सळई शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळली, वळवायला लागलात, की जिथे पुरेसा पीळ बसलाय तिथे पाण्याची बारीक धार सोडा. तो भाग जागच्या जागी थिजतो आणि पुढचा वळू लागतो. पाणी सुर्र करून उडतं, काळ्या पापुद्र्याच्या कपच्या टपटप गळतात आणि सळईच्या कडा एकामागून एक मळसूत्रासारख्या फिरत येतात. लोहारकामात मला सगळ्यात आवडणारा क्षण हाच. सळई वाकडी झाली तर लाकडी हातोड्याने लाकडावर सरळ करा; लोखंडी हातोड्याने पिळाच्या कडा चेपतात.

*

इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. भंगारातले चकचकीत बोल्ट, साखळ्या, पाइप यांवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आणि घडाईची उष्णता त्याच्या वर असते. पिवळट-हिरवी ज्योत आणि कापसासारखा पांढरा धूर दिसला की समजा. मी संध्याकाळी अशा बोल्टांचे सुंभे (भोक पाडायची हत्यारं) केले. रात्री थंडी वाजून ताप, तोंडात गोडसर धातूची चव, अंग मोडून आलेलं. डॉक्टरांनी कामाबद्दल विचारलं तेव्हा उलगडा झाला. दीड-दोन दिवसांत उतरलं, सहसा उतरतंच, पण धूर जास्त गेला तर फुफ्फुसांवर बेतू शकतं. ॲसिडमध्ये मुलामा काढता येतो. मी तर आता असा माल आणतच नाही.

*

ताप नाही, भंग नाही, पण गंमत सांगते. पाडलेल्या एका जुन्या घराची बिजागरी मिळाली. म्हटलं, छान लोखंड आहे, हिच्यापासून कडी करू. नारिंगी रंगावर ठोकली तर टोक लाकडाच्या ढलपीसारखं उभं चिरत गेलं. वाटलं माल कुजका. मग एका जाणत्या गृहस्थांनी सांगितलं की हे जुन्या पद्धतीचं घडीव लोखंड आहे, आतमध्ये कीटाचे, म्हणजे लोखंडातल्या मळीचे, धागे असतात. १८५६ साली इंग्रज संशोधक बेसेमरने स्वस्त पोलादाची पद्धत आणली, आणि पुढे साध्या पोलादाने हे लोखंड बाजारातून हळूहळू हटवलं. ते जास्त उष्णतेवर, पिवळ्याच्या वरच ठोकावं लागतं. तेवढं तापवल्यावर चिरलेलं टोक पुन्हा जुळूनही आलं! साध्या पोलादाला त्या रंगावर ठेवायची माझी छाती होत नाही. आता जुन्या वाड्यांचे खिळे दिसले की मी एक वाकवून मोडून बघते. तंतू दिसले तर पिशवीत.

*

सांडशीबद्दल कुणी बोलत का नाही? निम्मे अपघात तिच्यामुळे होतात. चपट्या तोंडाच्या सांडशीत गोल गज धरला की पहिल्याच घावाला तो गरकन फिरतो, दुसऱ्याला उडतो. प्रत्येक मापाला वेगळी सांडशी हवी हे खरं, पण असलेलीच जुळवून घेता येते. तोंड लाल करा, जो गज धरायचा तो मध्ये ठेवा, ऐरणीवर ठोकून तोंड त्यावर बसवा. हे करताना दांड्यांच्या मध्ये बोटभर जाडीचा तुकडा ठेवा, नाहीतर दांडे एकमेकांना टेकतील आणि पकड येणार नाही.

आणि ते काळं लोखंड! लाल असतं तेव्हा कुणी हात लावत नाही. रंग गेला की माणूस विसरतो, आणि तेव्हाही ते चारशे अंशांवर असू शकतं. उचलण्याआधी हाताची पाठ जवळ नेऊन बघायची सवय लावा. ओला हातमोजा कोरड्यापेक्षा वाईट. आतल्या आत वाफ होते आणि पटकन काढता येत नाही.

*

शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून विचारतोय: ऐरणीचा आवाज कमी कसा करायचा? माझी म्हणजे रुळाचा तुकडा आहे, आडवा ठेवलेला. घंटा वाजल्यासारखा वाजतो.

*

आडवा कशाला ठेवता? उभा पुरा. रुळाचा मधला भाग अरुंद असतो, त्यामुळे आडवा ठेवला की घावाखाली वस्तुमान कमी पडतं, रूळ थरथरतो आणि तुमचा जोर आवाजात जातो. उभा केला की सगळं वजन घावाखाली येतं. तोंड लहान मिळतं, पण आपण ठोकतो ती जागा तरी केवढी असते? हातोड्याच्या तोंडाएवढीच. ओंडक्यात खाच पाडून वाळूत बसवा, भोवती साखळी आवळा. खाली एखादं मोठं चुंबक चिकटवलं तरी घुमणं बरंच कमी होतं. फक्त त्याला पापुद्र्याच्या कपच्या चिकटून दाढी येते, ती अधूनमधून पुसावी लागते. आडव्या रुळाची कड मात्र वाया घालवू नका, सळई ताणून लांब करायला ती उपयोगी पडते. म्हणजे दोन तुकडे मिळाले तर एक उभा, एक आडवा.