अनुभव धागा: पक्कं माहीत होतं, आणि साफ चुकलं

निवृत्त कॅशियर

नाशिककर मंडळी, एखादी गोष्ट आपण वर्षानुवर्षं ठणकावून सांगत असतो आणि एक दिवस ती पालथी पडते. तुमचा असा प्रसंग लिहा. उपदेश नको, काय झालं तेवढं सांगा. सुरुवात मीच करतो.

बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना पांडवलेण्याला नेणं हे आमच्या घरात माझं खातं. 'पांडवांनी वनवासात कोरली' हे पायऱ्या चढताना मी असं सांगायचो, जणू छिन्नी मीच धरली होती. निवृत्तीनंतर भाचीबरोबर गेलो. ती प्राचीन इतिहास शिकते. म्हणाली, "मामा, तुम्ही जन्मभर बँकेत होतात ना? मग दहा नंबरचं लेणं तुमचंच."

तिथे भिंतीवर ब्राह्मी अक्षरं आहेत. ती बोट फिरवत सांगत गेली. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात. त्याने ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, जवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे ठेवले. २००० दरमहा शेकडा एक दराने, १००० पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातल्या २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण. मी उभ्या उभ्या हिशेब मांडला. २००० वर महिन्याला २०, वर्षाचे २४०. वीस गुणिले बारा, २४०. पै चुकली नव्हती! पांडव राहिले बाजूला, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची मुदतठेव समोर होती आणि मी इतकी वर्षं तिच्याकडे पाठ करून पाहुण्यांचे फोटो काढत होतो.

निफाडचा बागायतदार

आमच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत पेठ-सुरगाण्याकडच्या बाया असतात. डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, सगळं त्यांच्याच हातचं. पण मार्च लागला की त्यांची घरी जायची घाई. इकडे घड काढणीला आलेले आणि एकदोघी निघून जायच्या. माझी चिडचिड व्हायची. उचल घेताना बरं आठवतं, असंही बोललोय. एकदा एका मावशींना तोंडावरच म्हणालो, "तुमच्याकडं एवढा धो धो पाऊस पडतो, आमच्यासारखी पाण्याची ददात नाही. घरी अडलंय काय?" त्या नुसत्या हसल्या.

त्या वर्षी पिकअपवाल्याने ऐनवेळी टांग दिली, म्हणून मीच सोडायला गेलो. पोचलो तेव्हा दुपारचे तीन. विहिरीच्या तळाशी दहा-बारा वर्षांची एक पोरगी उकिडवी बसलेली. झऱ्याला पाणी साचलं की वाटीनं हंड्यात घालायची, मग परत साचायची वाट बघायची. काठावर सात-आठ हंडे रांगेत. ती मावशींची नात निघाली. मावशींनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि हंडा उचलला. "मी नसले का ही साळंत जात नाय," एवढंच बोलल्या.

पाऊस पडतो हे खरंच होतं. पण तिथे कातळ आणि उतार. चार महिने कोसळलेलं पाणी नद्यांवाटे तसंच गुजरातकडे उतरून जातं. आमच्याकडे पाऊस कितीतरी कमी, पण कालवा आहे, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे. गाडीत पाण्याचे दोन जार होते. ते उतरवून द्यावेत हे मला परतताना पिंपळगाव आल्यावर सुचलं.

कॉलेजरोडची सून

माझं छोटंसंच. सासूबाई हाकेला ओ देत नाहीत, मुद्दाम करतात, म्हणून मी चार वर्षं धुसफुसले. कानाला मशीन बसवलं त्या संध्याकाळी त्यांचं पहिलं वाक्य होतं, "तू भांडी फार आपटतेस गं."

निवृत्त कॅशियर

ताई, पुढच्या वेळी सासूबाईंनाच लिहायला बसवा!

भांडीबाजारवाला

वडिलांचा नियम होता, गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पाणी वाढलं की पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघायचं. कमरेला पाणी लागलं की माल माळ्यावर, तोवर गल्ला सोडायचा नाही. मीही तेच धरून बसलो. एका पावसाळ्यात मारुतीचे गुडघेही बुडाले नव्हते आणि आमच्या मागच्या मोरीतून पाणी वर आलं. बघता बघता घागरी दुकानभर तरंगायला लागल्या. नदी आलीच नव्हती, गावात पडलेल्या पावसाला जायला वाट नव्हती. वडिलांच्या वेळी गल्लीत काँक्रीट नव्हतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

पंचवटीकर

आमच्या कारखान्यात मी आणि माझा एक सहकारी रोज एका बाकावर डबा खातो. एकदा तो बोलता बोलता म्हणाला, "माझे पणजोबा २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराबाहेर होते." मी लगेच हुशारी दाखवली. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, दांडीयात्रा निघाली त्याच्या दहा दिवस आधी, सगळं धडाधड म्हणून दाखवलं. त्याने ऐकून घेतलं. मग डब्याचं झाकण लावत सहज विचारलं, "तुमचं घर तर तिथंच ना? तुमचे पणजोबा कुठं होते त्या दिवशी?"

दलितांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून झालेला तो सत्याग्रह मी कायम 'त्यांचा' इतिहास म्हणून ऐकत आलो होतो. आदरानेच, पण त्यांचा. दाराच्या आतल्या बाजूलाही माणसं होती आणि त्यांचेही पणतू असणार, हा हिशेब मी केलाच नव्हता.

घरी आल्यावर वडिलांना विचारलं. ते मेथी निवडत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. जुडी संपत आल्यावर म्हणाले, "आजोबा सांगायचे, त्या दिवशी आपला वाडा आतून कडी लावून बंद होता." देठं कागदात गुंडाळली. "कुणाच्या भीतीनं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. डबा रोज बरोबरच खातो.