माध्यम साक्षरतेचे सहा तास: नेमकं काय शिकवावं?

वर्गपाटी
तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना माध्यम साक्षरता आणि डिजिटल साहित्याचा जबाबदार वापर शिकवायला ४० मिनिटांचे सहा तास मिळाले आहेत. वर्गात चाळीस मुलं, एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर. संगणक कक्ष सहापैकी दोनच तासांना मिळेल.

अडचणी अशा. प्रकल्पातल्या प्रत्येक चित्राखाली "स्रोत: गुगल" असतं. एखाद्या संकेतस्थळावर विश्वास का ठेवला असं विचारलं की उत्तर येतं, "पत्त्यापुढे कुलूप आहे", "शेवटी डॉट ऑर्ग आहे", "जाहिराती नाहीत". वीस प्रश्नांची एक चेकलिस्ट वापरून पाहिली. मुलं सगळे रकाने इमानदारीने भरतात आणि निष्कर्ष तरीही चुकतो. दोष चेकलिस्टचा की वापराचा? शिवाय या विषयाला गुण कशाचे द्यायचे, हेही सुचवा.

उलटतपासणी
दोष चेकलिस्टचाच आहे. तिचे बहुतेक प्रश्न मुलाला त्याच पानावर खिळवून ठेवतात: मांडणी कशी आहे, तारीख आहे का, "आमच्याविषयी" भरलेलं आहे का. ही सगळी माहिती त्या पानाच्या मालकानेच लिहिलेली असते. डॉट ऑर्ग पत्ता कोणीही विकत घेऊ शकतो. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचं यंत्र आणि ते संकेतस्थळ यांच्यातली देवाणघेवाण मधल्यामध्ये कोणाला वाचता येत नाही. पलीकडे बसलेला माणूस खरं बोलतो आहे की नाही, हे कुलूप सांगत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेला अभ्यास इथे फार उपयोगी आहे. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ पदवी विद्यार्थी यांना तीच संकेतस्थळं तपासायला दिली. त्यातली एक जोडी होती अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ पीडियाट्रिशियन्स. नावं जवळजवळ सारखी, दोन्ही पानं नीटनेटकी. पहिली १९३० साली स्थापन झालेली, हजारो बालरोगतज्ज्ञांची मुख्य संघटना; दुसरी २००२ साली वैचारिक मतभेदांतून निघालेला छोटा गट. इतिहासकारांसारखी वाचनात मुरलेली माणसंही पान वरून खाली बारकाईने वाचत राहिली आणि गोंधळली. तपासनीस मात्र काही सेकंदांत ते पान सोडून नव्या टॅबमध्ये गेले आणि "यांच्याबद्दल इतर लोक काय म्हणतात" हे शोधू लागले. तुम्हाला शिकवायची आहे ती हीच सवय: पान सोडून बाहेर जाणं.

पहिले दोन तास फक्त यालाच द्या. क्रम असा ठेवा:

१. पान उघडल्यावर ३० सेकंदांत फक्त दोन गोष्टी टिपायच्या: दावा काय आहे आणि तो करणारा कोण आहे.
२. नवा टॅब उघडून संस्थेचं किंवा लेखकाचं नाव अवतरणचिन्हांत शोधायचं आणि त्या संस्थेचं स्वतःचं संकेतस्थळ निकालांतून वगळायचं.
३. निकालांची यादी आली की लगेच क्लिक नाही. आधी सात-आठ निकालांचे पत्ते आणि खालच्या दोन ओळी वाचायच्या, मग कोणता उघडायचा ते ठरवायचं.
४. विकिपीडियावर त्या संस्थेचा लेख असेल तर पहिला परिच्छेद वाचायचा आणि लगेच तळटीपांकडे जायचं.
५. दावा मूळ कोणी, कधी, कोणत्या संदर्भात केला होता तिथपर्यंत मागे जायचं.

मुलं नेमकी तिसऱ्या पायरीवर घसरतात. सगळ्यात वर आलं ते सगळ्यात खरं, असं त्यांना वाटतं, आणि वरचे एक-दोन निकाल पुष्कळदा जाहिराती असतात. म्हणून प्रोजेक्टरवर निकालांचं पान लावून ठेवा आणि पाच मिनिटं माउसला हात लावू नका. "आधी कोणता उघडू आणि का?" एवढंच विचारत राहा. एकच लॅपटॉप असणं इथे पथ्यावर पडतं, कारण मुलांना कारण बोलून दाखवावंच लागतं.

आणखी एक. सरावाला दिलेल्या नमुन्यांपैकी निदान निम्मे खरे असू द्या. सगळे खोटे दिले तर मुलं तिसऱ्या नमुन्यापर्यंत "खोटं म्हणा की गुण मिळतात" हे ओळखतात. अशा प्रशिक्षणानंतर लोक खऱ्या बातम्यांवरही कमी विश्वास ठेवू लागतात, हा धोका संशोधनातही नोंदलेला आहे. कशावरच विश्वास नसलेला मुलगा भोळ्या मुलाइतकाच सहज फसतो.

ग्रंथपालाचं_टेबल
मी "स्रोत: गुगल" या दुखण्यापुरतं लिहिते. ते प्रकल्पाच्या शेवटी दुरुस्त होत नाही, कारण तोवर चित्र कुठून आलं हे मुलालाच आठवत नसतं. नोंद चित्र उतरवतानाच व्हायला हवी. पहिल्या दिवशीच एक तक्ता द्या, रकाने सहा: फाइलचं नाव, शीर्षक, निर्माता, ज्या पानावर चित्र आहे त्याचा पत्ता, परवाना, पाहिल्याची तारीख. तक्त्यात ओळ नाही तर चित्र प्रकल्पात नाही, हा नियम कडक ठेवा.

पत्त्यात हमखास होणारी चूक म्हणजे मुलं शोधनिकालातल्या छोट्या चित्रावर उजवी क्लिक करून त्याचाच पत्ता उतरवतात. त्या पत्त्यात "जीस्टॅटिक" दिसलं की समजायचं, ही गुगलने स्वतःकडे ठेवलेली लघुप्रत आहे. पिंटरेस्टचंही तसंच, तिथे बहुतेक चित्रं दुसरीकडून आणून डकवलेली असतात. दोन्ही बाबतींत मूळ पानापर्यंत जावंच लागतं.

परवान्यांसाठी एक पूर्ण तास पुरतो. प्रताधिकाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या १९०८ च्या सुधारणेपासून चालत आलेलं तत्त्व आधी सांगा: कृती निर्माण झाली की निर्मात्याचा प्रताधिकार (कॉपीराइट) आपोआप लागू होतो, नोंदणी किंवा © खूण लागत नाही. म्हणजे खूण दिसत नाही म्हणून चित्र मोकळं, हा समज चूक. मग क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी), म्हणजे ठरावीक अटींवर वापरायची निर्मात्याने सगळ्यांना आधीच दिलेली परवानगी. २००२ पासून वापरात असलेल्या या परवान्यांचे चार घटक आहेत: बीवाय म्हणजे श्रेय द्या; एसए म्हणजे बदल करून वाटलंत तर त्याच परवान्याखाली वाटा; एनसी म्हणजे व्यापारी वापर नको; एनडी म्हणजे बदललेली प्रत इतरांना देऊ नका. यांच्या जुळणीतून सहा परवाने होतात. सीसी झिरो वेगळा, त्यात निर्मात्याने आपले हक्क शक्य तितके सोडून दिलेले असतात. मुलं एनडी हमखास विसरतात. आकृतीवर बाण काढून स्वतःच्या भाषेत नावं लिहिली की ती बदललेली प्रत झाली. असं काम करायचं असेल तर एनडी नसलेलं चित्रच शोधायला लावा.

शोधायला विकिमीडिया कॉमन्स हे मोकळ्या परवान्याच्या चित्रांचं भांडार सगळ्यात सोयीचं, कारण तिथे एनसी आणि एनडी परवान्यांची चित्रं मुळात स्वीकारतच नाहीत आणि प्रत्येक फाइलच्या पानावर निर्माता व परवाना लिहिलेला असतो. गुगलच्या चित्रशोधात "टूल्स"मध्ये वापरहक्कांची गाळणी आहे, पण ती संकेतस्थळाने दिलेल्या माहितीवर चालते. मूळ पान उघडून परवाना डोळ्यांनी पाहायचाच.

श्रेयाची ओळ चित्राच्या लगेच खाली: शीर्षक, निर्माता, पानाचा दुवा, परवान्याचं नाव आणि आवृत्ती, आणि काही बदल केला असेल तर तो. उदाहरणार्थ: "पानाचा आडवा छेद", निर्माता अमुक, विकिमीडिया कॉमन्स, सीसी बीवाय-एसए ४.०, नावं मराठीत केली.

शिकवण्यासाठी बहुतेक देशांच्या कायद्यांत काही सवलत असते, पण तिची व्याप्ती देशागणिक वेगळी. वर्गात दाखवणं आणि तोच प्रकल्प शाळेच्या संकेतस्थळावर चढवणं, यांत मोठा फरक आहे. मुलांचं काम पुढेमागे बाहेर जाणारच, हे धरून सुरुवातीपासून मोकळ्या परवान्याचंच साहित्य वापरायला लावा.

वर्गपाटी
दोघांचेही आभार, तक्ता लगेच लागू करते. दोन शंका उरल्या. संगणक कक्षाचे दोन तास कशावर खर्चावेत? आणि मुलं एआयकडून उतारा आणि संदर्भयादी दोन्ही घेऊन येतात, त्याचं काय करायचं?

भिंग
कक्षाचे दोन्ही तास चित्र आणि व्हिडिओ तपासायला द्या. ते कागदावर शिकवता येत नाही.

नमुना म्हणून पाण्याने भरलेल्या महामार्गावर पोहणाऱ्या शार्कचं चित्र घ्या. २०११ च्या आयरीन वादळापासून ते फिरतं आहे आणि मोठा पूर आला की नव्या शहराचं नाव लावून परत येतं. २०१७ मध्ये हार्वे वादळाच्या वेळी ह्यूस्टनच्या नावाने आलं होतं. त्यातला शार्क थॉमस पेशाक यांच्या दक्षिण आफ्रिकेजवळच्या समुद्रातल्या छायाचित्रातून कापलेला आहे. मूळ छायाचित्रात तो एका कयाकच्या (वल्हवायच्या अरुंद होडीच्या) मागे आहे. मुलांना शहराचं नाव न सांगता फक्त चित्र द्या.

आधी चित्राभोवतीची चौकट, बॅटरीची पट्टी, वर लिहिलेला मजकूर कापून टाकायचा, नाहीतर शोध त्या अक्षरांमागे धावतो. मग गुगल लेन्समध्ये (चित्रावरून शोधणारं गुगलचं साधन) टाकून चौकट आधी फक्त शार्कवर आणायची, नंतर फक्त रस्त्यावर. निकाल वेगळे येतात आणि जोडकाम तिथेच उघडं पडतं. नंतर टिनआय या चित्रावरून शोधणाऱ्या दुसऱ्या संकेतस्थळावर तेच चित्र टाकून निकाल "सर्वात जुने" या क्रमाने लावायचे. तिथे दिसणारी तारीख टिनआयला ते चित्र पहिल्यांदा सापडल्याची असते, चित्र काढल्याची नव्हे. तिचा उपयोग एवढाच की कालच्या घटनेचं म्हणून आलेलं चित्र पाच वर्षांपूर्वीच सापडलेलं असेल तर प्रश्न मिटला. काहीच मिळालं नाही तर चित्र आडवं उलटवून पुन्हा शोधायचं, कारण शोध चुकवण्यासाठी डावं-उजवं बदललेलं असू शकतं. निकाल शून्य आला म्हणजे चित्र खरं, असं मात्र कोणालाही लिहू देऊ नका. व्हिडिओत दृश्य बदलतं त्या जागांचे तीन-चार स्क्रीनशॉट घेऊन हेच करायचं.

एक मर्यादा आधीच सांगून ठेवा: वर्गमित्रांचे किंवा शिक्षकांचे फोटो असल्या शोधात टाकायचे नाहीत.

आता एआय. संदर्भयादीतली प्रत्येक नोंद मुलानेच उघडून दाखवायची. शीर्षक अवतरणचिन्हांत शोधायचं, डीओआय क्रमांक (संशोधन लेखाला दिलेला कायमचा ओळखक्रमांक) असेल तर तो डीओआयच्या संकेतस्थळावर टाकायचा. बनावट संदर्भ ओळखायला अवघड असतात, कारण लेखक खरा असतो, नियतकालिक खरं असतं, फक्त तो लेख कधी छापलेलाच नसतो. कधी क्रमांक खरा निघतो आणि भलताच लेख उघडतो. लेख उघडला तरी एक ओळ मागा: या लेखातलं कोणतं वाक्य तुझ्या कोणत्या वाक्याला आधार देतं? चाळीस मुलांकडून हे एका तासात होत नाही, म्हणून यादी तीन संदर्भांपुरती मर्यादित ठेवा.

मजकूर एआयने लिहिला का हे सांगणाऱ्या साधनांवर शिक्षा ठरवू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतलं. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचं इंग्रजी लिखाण अशी साधनं फार वेळा यंत्राचं ठरवतात, असंही स्टॅनफर्डच्याच एका अभ्यासात त्या वर्षी दिसलं. त्यापेक्षा कच्चा मसुदा मागा. दुसऱ्याची वाक्यं लाल अक्षरांत, स्वतःची काळ्या अक्षरांत, आणि एआयला विचारलेले प्रश्न शेवटी जसेच्या तसे. लाल मजकूर स्वतःच्या शब्दांत आणताना मूळ टॅब बंद करून लिहायचं, मग उघडून पडताळायचं. मूळ समोर ठेवून लिहिलं की मुलं चार शब्द बदलतात आणि वाक्याची घडण तशीच राहते.

उलटतपासणी
गुणांचं राहिलं होतं. वीस गुण असतील तर बारा तपासाच्या नोंदीला द्या: काय शोधलं, कोणता निकाल उघडला, का, आणि त्यानंतर मत बदललं का. पाच श्रेयाच्या ओळींना, निष्कर्षाला तीनच. "खरं", "खोटं" यांच्या जोडीला "उपलब्ध पुराव्यावरून ठरत नाही" हे तिसरं उत्तर ठेवा आणि नोंद नीट असेल तर त्यालाही पूर्ण गुण द्या. नाहीतर अर्धवट पुराव्यावर ठाम बोलणाऱ्याला बक्षीस मिळतं.

भिंग यांच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडतो. खोट्या चित्राची छापील प्रत वर्गात वाटली की कोणीतरी तिचा फोटो काढतं आणि संध्याकाळपर्यंत ती सूचनेशिवाय फिरू लागते. "सरावासाठी, दावा खोटा" हे शब्द चित्राच्या मधोमध तिरके आणि मोठे छापा. कोपऱ्यात लिहिलं तर कापून टाकता येतं. तपासाच्या सरावाला बिनशिक्क्याची प्रत लागतेच. ती फक्त कक्षातल्या संगणकांवर ठेवा आणि तास संपला की पुसा.

ग्रंथपालाचं_टेबल
शिक्का मधोमध हवाच, सहमत. तक्त्यात मात्र सातवा रकाना वाढवा: "जतन प्रतीचा दुवा". मुलाने पान पाहिलं त्या दिवशीच ते वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपून ठेवणारं संकेतस्थळ) "सेव्ह पेज नाऊ" वापरून साठवायचं. प्रकल्प तपासायला घेईपर्यंत काही पानं बदलतात, काही गायब होतात, आणि मग मुलाने खरंच पाहिलं होतं की नाही हे ठरवता येत नाही. लॉगिन लागणारी पानं मात्र अशी साठत नाहीत. त्यांचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्यायला सांगा.