क्राकूफमध्ये जुलैतला शनिवार-रविवार: आईबाबांना घेऊन कुठे जेवावं?

पंचगंगा

नमस्कार मंडळी. मी म्युनिकमध्ये असते. जुलैत आईबाबा कोल्हापूरहून येतायत आणि त्यांना घेऊन आम्ही शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ पोलंडमध्ये क्राकूफला जाणार आहोत. मुक्काम काझिमिएश भागात. वावेलचा किल्ला, मोठा चौक, व्हिएलिच्काची मिठाची खाण हे सगळं नवऱ्यानं ठरवून टाकलंय. जेवणाखाण्याचं माझ्याकडे आलंय आणि मी तिथेच अडकलेय.

आई शाकाहारी आहे. केकमधलं अंडं चालतं, ताटात दिसणारं नाही. बाबांना सगळं चालतं, पण आईला उपाशी बसवून ते स्वतः जेवणार नाहीत. मुलगी आठ वर्षांची आहे. भारतीय हॉटेलं नकोत, ती इथेही आहेत. आईनं स्वतःच सांगितलंय, "तिथली माणसं रोज घरी जे खातात ते मला खायचंय." एवढी एक इच्छा पुरी व्हावी असं मनापासून वाटतं.

बाबांना पोलंडचं वेगळं अप्रूप आहे. आमची आजी कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीच्या गोष्टी सांगायची. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. त्यामुळे "पोलंड दाखव" हे बाबांचं जुनं मागणं आहे.

शेवग्याचीशेंग

क्राकूफमध्ये चार वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे मोठ्या चौकात, रिनेकवर, जेवायला बसू नका. तिथे कॉफी प्या, दर तासाला चर्चच्या मनोऱ्यावरून वाजणारा बिगुल ऐका आणि उठा. माझे सासूसासरे आले होते तेव्हा मी हीच चूक केली. चौकातल्या एका हॉटेलात "शाकाहारी" म्हणून मागवलेल्या पिएरोगींवर तळलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे पसरून आले. सासूबाईंनी ताट हळूच बाजूला सारलं आणि पाणी पिऊन उठल्या. ते अजून मनाला लागून आहे.

आईंना न्यायचं ते बार म्लेच्नीमध्ये, म्हणजे शब्दशः दुधाच्या बारमध्ये. बार म्हटलं तरी दारूचा इथे संबंध नाही. दूध, दही, पीठ, बटाटे, भाज्या यांवर चालणारी ही साधी खाणावळ. पहिली १८९६ साली वॉर्सात निघाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीत कामगारांना स्वस्तात जेवू घालायला गावोगाव झाल्या. आजही सरकारी अनुदान मिळतं ते बिनमांसाच्या पदार्थांवर. म्हणून तिथली पाटी वाचलीत तर निम्मे पदार्थ आईंना चालणारे आणि तेच सगळ्यात स्वस्त.

पद्धत आधी समजून घ्या, नाहीतर गोंधळ उडतो. भिंतीवरची पाटी वाचायची, गल्ल्यावर पैसे देऊन पावती घ्यायची, ती खिडकीत द्यायची आणि आतून हाक आली की ताट उचलायचं. जेवण झालं की ताटवाट्या परत करायची खिडकी वेगळी असते. गल्ल्यावरच्या मावशी कोरड्या वाटतील, पण मागे रांग असते म्हणून त्या तशा. पदार्थांची नावं कागदावर लिहून दाखवलीत तर काम होतं.

जुन्या गावात ग्रोत्स्का रस्त्यावर, बारा प्रेषितांच्या पुतळ्यांच्या चर्चजवळ 'पॉट तेमिदों' आहे. वावेल उतरून चौकाकडे येताना वाटेतच लागतो. त्याहून घरगुती हवा असेल तर ट्रामनं नोव्हा हुताला जा. १९४९पासून पोलाद कारखान्याच्या कामगारांसाठी उभं केलेलं हे नमुनेदार समाजवादी उपनगर. तिथल्या मध्यवर्ती चौकाला लागून 'त्सेंत्राल्नी' नावाचा बार म्लेच्नी आहे. तिथे आजीआजोबा रोजचं दुपारचं जेवण जेवताना दिसतात. एक ध्यानात ठेवा, रविवारी बऱ्याच खाणावळी बंद असतात आणि संध्याकाळीही लवकर मिटतात. शनिवारची दुपार त्यासाठी राखून ठेवा.

आता काय मागवायचं ते. जुलैत जाताय हे फार चांगलं, कारण पोलिश जेवण हिवाळ्यात जड आणि उन्हाळ्यात अगदी आपल्यासारखं हलकं असतं. नवे कोवळे बटाटे उकडून, त्यावर लोणी आणि बारीक चिरलेला शेपू घालतात आणि सोबत पेलाभर गार ताक देतात. ताकाला माश्लांका म्हणतात. पोलिश घरात उन्हाच्या दिवशी हे पूर्ण जेवण असतं. आईंना ते पहिल्या घासाला ओळखीचं वाटेल. दुसरं ख्वोद्निक, म्हणजे बीट, कोवळी पानं, काकडी, मुळा, शेपू आणि आंबट दही घातलेलं गार, गुलाबी सार. त्यात उकडलेलं अंडं अर्धं कापून टाकतात, तेव्हा मागवतानाच "बेझ यायका" म्हणजे अंड्याशिवाय म्हणा.

पिएरोगींमध्ये 'रुस्किए' घ्या. आत बटाटा आणि त्फारुक (पनीरसारखं, पण जरा आंबट) असतं. नावावरून रशियन वाटतं, पण ते जुन्या रुथेनिया प्रांतावरून आलंय. २०२२नंतर काही ठिकाणी पाटीवर 'युक्रेनी' असंही लिहिलेलं दिसेल, पदार्थ तोच. मागवताना "बेझ स्क्वारेक" म्हणायला विसरू नका, म्हणजे ते चरबीचे तुकडे येत नाहीत. मुलीसाठी 'झ यागोदामी', म्हणजे रानातली निळी बोरं भरलेले गोड पिएरोगी, वर साय. हे फक्त याच दिवसांत मिळतात. खाल्ल्यावर जीभ जांभळं खाल्ल्यासारखी होते.

खडीसाखर

शेंगताईंनी छान लिहिलंय. आईंसाठी दोन सावधगिरीच्या गोष्टी माझ्याकडून.

बऱ्याच हॉटेलांत जेवणाआधी पाव आणि वाटीत पांढरं, लोण्यासारखं काहीतरी आणून ठेवतात. त्याला स्मालेत्स म्हणतात आणि ती डुकराची चरबी असते. लोणी समजून लावलं जातं. पाव घ्या, वाटी परत द्या. दुसरं म्हणजे झुरेक आणि बीटाचं गरम बार्श्च ही सारं दिसायला भाज्यांची असली तरी बहुधा मांसाच्या पाण्यात केलेली असतात. विचारल्याशिवाय घेऊ नका.

ओस्त्सिपेक हे डोंगराळ भागातलं धुरी दिलेलं मेंढीच्या दुधाचं चीज. जाळावर परतून लाल बोरांच्या मुरंब्याबरोबर देतात, चवीला खमंग आणि खारट. उन्हाळा हाच त्याचा हंगाम. पण दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, त्यामुळे आईंना आधी सांगा आणि त्यांचं त्यांना ठरवू द्या.

रस्साप्रेमी

बाबांचं कुणी बघणार की नाही? हाला तार्गोवाच्या बाजाराबाहेर रात्री आठनंतर एक जुनी निळी व्हॅन लागते. १९९१पासून तिथे लाकडाच्या जाळावर सॉसेज भाजून देतात. कागदी ताटलीत एक सॉसेज, एक पाव, मोहरीची चटणी, आणि उभ्यानं खायचं. काझिमिएशपासून चालत जाता येतं. रविवारी नसते, तेव्हा शुक्रवारी किंवा शनिवारीच न्या. आई तोवर हॉटेलवर विश्रांती घेतील, म्हणजे बाबांनाही अवघडल्यासारखं होणार नाही. धूर, चुरचुर आणि तो वास, कोल्हापूरच्या माणसाला आवडणार याची मला खात्री आहे.

आणि काझिमिएशमध्ये राहताच आहात तर प्लात्स नोव्ही चौकातली गोल इमारत चुकवू नका. चारी बाजूंनी खिडक्या आणि प्रत्येकीत झापिएकांका, म्हणजे हातभर लांब अर्धा पाव, त्यावर परतलेले मश्रूम आणि चीज, भट्टीत भाजून. साधी मश्रूम-चीजवाली घेतलीत तर आईंनाही चालते. एकात दोघांचं भागतं.

शेवग्याचीशेंग

शनिवारी सकाळचं राहिलंच. न्याहारीला हॉटेलात पैसे घालू नका. रस्त्यावरच्या गाड्यांवर ओब्वाझानेक मिळतो. पिळाची कणकेची कडी आधी पाण्यात उकळून मग भाजतात आणि वर खसखस, तीळ किंवा जाडं मीठ लावतात. राणी याद्विगाच्या दरबारच्या १३९४च्या हिशेबात त्याची नोंद आहे आणि २०१०पासून युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही आहे. सकाळी घ्या, दुपारपर्यंत तो चिवट होतो.

तो हातात घेऊन स्तारी क्लेपाशच्या बाजारात जा. जुन्या तटाच्या उत्तरेला, बार्बिकनपासून (वेशीपुढचा जुना गोल बुरूज) दोन-चार मिनिटांवर. जुलैत तिथे चेरी, रासबेरी, यागोदी (तीच निळी बोरं), उकडायच्या वालासारख्या शेंगा, सगळं रचून ठेवलेलं असतं. मुख्य म्हणजे पिंपातल्या काकड्या घ्या, 'ओगुर्की माओसोल्ने'. मिठाच्या पाण्यात लसूण आणि शेपूच्या फुलांबरोबर दोन-तीन दिवस मुरवलेल्या, अर्धवट आंबलेल्या, दाताखाली कुर्रकन मोडणाऱ्या. सुट्या, वजनावर मिळतात. शनिवारी लवकर आवरतात, म्हणून अकराच्या आत पोचा.

मुलीला 'यागोद्झान्का' द्या, यागोदी ठासून भरलेला गोड पाव. आणि संध्याकाळी स्तारोविश्ल्ना रस्त्यावरचं आइस्क्रीम. रांग फुटपाथवर लांबवर असते, पण सरकते भराभर.

खडीसाखर

रविवारची दुकानं! पोलंडमध्ये वर्षातले मोजके रविवार सोडले तर मोठी दुकानं बंद असतात. परतीच्या प्रवासाचं खाणं, पाणी शनिवारीच घेऊन ठेवा. हॉटेलं मात्र उघडी असतात. आणि कार्डानं पैसे देताना यंत्रानं "युरोत की झ्लॉटीत" विचारलं तर झ्लॉटीच निवडा, नाहीतर दर महाग पडतो.

बाबांसाठी एक: वॉर्सात मोंते कासिनोच्या (दुसऱ्या महायुद्धातली इटलीतली लढाई) युद्धस्मारकाजवळ कोल्हापूरचंही स्मारक आहे, वळिवड्याच्या छावणीच्या आठवणीचं. क्राकूफहून रेल्वेनं अडीच तासांच्या आसपास. या खेपेला दोनच दिवस आहेत तर ओढाताण करू नका, पण त्यांना सांगा जरूर.

पंचगंगा

परत आलो! सगळ्यांचे खूप खूप आभार. जे झालं ते सांगते, पुढच्यांना उपयोग होईल.

शनिवारी दुपारी ट्रामनं नोव्हा हुता गाठलं. खाणावळीत आमच्या पुढे काठी टेकत आलेले एक आजोबा होते. मी कागदावर लिहिलेली नावं वाचून दाखवत होते तर त्यांनी कागद हातात घेतला, आईकडे बघितलं आणि गल्ल्यावर स्वतःच भराभरा सांगून टाकलं. त्यात "बेझ स्क्वारेक" मला स्पष्ट ऐकू आलं. दहा मिनिटांत खिडकीतून बटाटे आले. पातळ साल तशीच, लोण्यानं चकाकणारी, वर हिरवागार शेपू. आईनं बोटानं एक फोडला, मीठ बघितलं, मग ताकाचा घोट घेतला आणि म्हणाली, "अगं, हे तर आपलंच." बाकी काही न बोलता पूर्ण ताट संपवलं. पुन्हा रांगेत उभं राहून तिनं दुसरा पेला ताक स्वतः आणलं, खुणेनं. बाबा तिच्या शेजारी बसून तेच जेवले, वेगळं काही मागवलं नाही.

ख्वोद्निक मला फार आवडलं, मुलीनं रंगामुळे खाल्लं. गोड पिएरोगींवर साखर जास्त होती, निम्मे उरले. झापिएकांका आईला जड गेली, रात्री खाऊ नका एवढंच सांगेन.

निळ्या व्हॅनपाशी बाबा आणि नवरा गेले. पाऊण तास रांगेत उभे होते म्हणे. बाबांनी मोहरीची चटणी दोनदा मागून घेतली. वॉर्साच्या स्मारकाचं सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प झाले आणि मग नवऱ्याला म्हणाले, "पुढच्या वर्षीचं बघ." तेव्हा तो धागा मी पुढच्या वर्षी काढीन.

आता एक मदत हवी आहे. क्लेपाशच्या त्या काकड्या आईनं अर्धा किलो आणल्या, त्या म्युनिकला पोचेपर्यंतच संपल्या. ती इथे बरणी घेऊन बसलीये. लसूण आहे, तुर्की दुकानातून छोट्या काकड्या आणल्यात, शेपूची फुलं मिळालीत. मीठ किती घालायचं?

शेवग्याचीशेंग

वाचून डोळ्यांत पाणी आलं. लिटरभर पाण्याला २५ ते ३० ग्रॅम साधं मीठ, आयोडीनचं नको. पाणी उकळून कोमट होऊ दे. काकड्यांची टोकं कापून उभ्या ठासून भर, मिळालं तर हॉर्सरॅडिशचं एक पान घाल, त्यानं काकडी कडक राहते. पाण्याखाली बुडायला हव्यात, वर छोटी बशी दाबून ठेव. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चव बघ. पाणी गढूळ झालं तर घाबरू नको, ते तसंच व्हायला हवं. चव जमली की लगेच फ्रीजमध्ये, नाहीतर आंबत जातात.