बॉयलरच्या पाण्यातला हार्डनेस (कॅल्शियमसारख्या क्षारांचा जडपणा) काढणाऱ्या सॉफ्टनरच्या आउटलेटला, तो सतत मोजणारा ऑनलाइन हार्डनेस मीटर हवाच. तुमचं म्हणणं काय?

वाफेचा माणूस:

इचलकरंजीला जा नाहीतर भिवंडीला, सायझिंग (सुताला खळ लावणारा कारखाना) असो की प्रोसेस हाऊस (कापड धुणारा-रंगवणारा), मांडणी ठरलेली. पाच टनी बॉयलर, शेजारी सॉफ्टनर आणि खिडकीत थेंबांचं टेस्ट किट. शिफ्ट लागताना एक टेस्ट करायची, लॉगबुकात 'हार्डनेस निल' लिहायचं आणि आठ तास तिकडे बघायचं नाही. माझा आक्षेप या आठ तासांवर आहे.

सॉफ्टनर घड्याळ बघून संपत नाही. त्यातलं दोनशे लिटर रेझिन (हार्डनेस पकडणारे मणी) साधारण दहा-साडेदहा किलो हार्डनेस धरतं. पाणी 300 पीपीएमचं (लिटरमागे 300 मिलिग्रॅम हार्डनेस) असेल तर पस्तीसएक घनमीटर निघतं. ताशी तीन घनमीटर मेकअप (बॉयलरला लागणारं नवं पाणी) धरला तर जवळपास बारा तास. उन्हाळ्यात नळाचं पाणी तुटलं, बोअरचा टँकर आला आणि हार्डनेस 700 वर गेला की तेच रेझिन पाच तासांत संपतं. टायमरवर लावलेल्या रिजनरेशनला (मिठाच्या पाण्याने रेझिन परत ताजं करणं) हे कळायचा मार्ग नाही. सकाळी सातला केलेल्या टेस्टलाही नाही.

उरलेल्या तीन तासांत काय होतं ते बघा. ताशी तीन घनमीटर, 700 पीपीएम, म्हणजे तासाला दोन किलो हार्डनेस सरळ बॉयलरमध्ये. शिफ्ट संपेपर्यंत सहा किलो. यातला बराचसा सर्वात तापलेल्या ट्यूबवरच बसतो. पाऊण मिलिमीटरच्या साध्या स्केलनेही (क्षारांच्या थरानेही) इंधन दोनेक टक्के जास्त जातं. ते एकवेळ सोसता येईल, पण स्केलखाली ट्यूबचं धातू तापत जातं, फुगतं आणि एक दिवस फुटतं. समोर माणूस उभा असतो.

मीटर करतो ते आपण किटने करतो तेच. छोट्या चेंबरमध्ये सॅम्पल घेतो, पंपाने इंडिकेटर (हार्डनेसप्रमाणे रंग बदलणारा द्राव) सोडतो आणि रंग डोळ्याऐवजी फोटोमीटरने वाचतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी, रात्री तीनलासुद्धा. रेझिन एकदम संपत नाही, आधी दोन-पाच पीपीएम निसटतात, मग चढ लागतो. तो चढ पायथ्यालाच दिसला पाहिजे.

आपल्या आयएस 10392 या मानकामध्ये वीस किलो प्रेशरपर्यंतच्या बॉयलरला फीडमध्ये (आत जाणाऱ्या पाण्यात) 10 पीपीएमपर्यंत मुभा आहे. युरोपच्या ईएन 12953 मध्ये शेल बॉयलरला (पाण्याच्या टाकीतून आगीच्या नळ्या जाणाऱ्या) ती साधारण 1 पीपीएम. जर्मनीत 72 तास माणसाविना बॉयलर चालवायची पद्धत रुळली, ती पाण्यावर अशी सतत नजर ठेवूनच.

रात्रपाळी:

साहेब, हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष पटत नाही. मी बॉयलर अटेंडंट आहे, सेकंड क्लास. जर्मनीत माणूस नसतो म्हणून मीटर लागतो. आपल्याकडे सर्टिफिकेटवाला अटेंडंट कायद्यानेच लागतो. तो बॉयलरपाशी उभा आहे, मग त्यालाच तासाला एक टेस्ट करायला लावा. दोन मिनिटांचं काम आहे. बफर (पीएच स्थिर ठेवणारा द्राव) टाकायचा, इंडिकेटर टाकायचा, निळं आलं तर ठीक, वाईनसारखं लाल दिसलं तर सॉफ्टनर बायपासवर न टाकता (पाणी त्याला टाळून न नेता) रिजनरेशनला घ्यायचा.

मीटर बसवलेली बॉयलर हाऊस मी पाहिली आहेत. पहिले सहा महिने कौतुक. मग इंडिकेटरची बाटली संपते, परचेसला इंडेंट (मागणीपत्र) जातो, तिथे पडून राहतो. मीटर 'रिएजंट लो' दाखवत बसतो. अलार्म सारखा वाजतो म्हणून कुणीतरी वायर काढतो. आणि मीटर आहे म्हणून हाताची टेस्टही बंद झालेली असते. म्हणजे आधी आठ तासांनी का होईना, कळत होतं. आता कळतच नाही.

मे महिन्यात आमच्या शेडमध्ये पंचेचाळीस अंश असतात. त्या उकाड्यात इंडिकेटर किती टिकेल? रेझिनच्या टाकीतून गंज आला तर चेंबरची काच पिवळी पडते. इंडिकेटरचा रंग लोखंडाने बिघडतो, क्लोरीन जास्त असेल तर उडतो. मग मीटर बिनहार्डनेसचं पाणी दाखवणार आणि आम्ही विश्वास ठेवणार.

डायहाऊस:

रात्रपाळी दादा, तासाला टेस्ट कागदावर होते. आमच्याकडे रजिस्टर बघितलं तर चोवीसच्या चोवीस ओळी एकाच पेनाने, एका अक्षरात. आणि रात्री शेडमध्ये पिवळा सोडियम दिवा असेल तर वाईनलाल आणि निळा यातला फरक डोळ्याला दिसत नाही. टेस्ट मनापासून केली तरी चुकते. आधी किटपाशी एक पांढरी ट्यूबलाईट लावा, हे मीटर घेणाऱ्याला आणि न घेणाऱ्यालाही सांगतो.

दुसरं म्हणजे, बऱ्याच ठिकाणी मालक म्हणतात, टीडीएस (पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार) मीटर आहे की, वेगळा कशाला? सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम देतो. टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. सॉफ्टनर पूर्ण मेला तरी टीडीएस मीटरला पत्ता लागत नाही. हार्डनेस बघायचा तर हार्डनेसच मोजावा लागतो.

आम्हाला मीटर बॉयलरपेक्षा रंगाच्या कपड्यासाठी जास्त लागतो. पाणी घसरलं, म्हणजे हार्डनेस आला, की साबणाचा चोथा कापडावर बसतो, शेड पॅची येते आणि लॉट परत रंगवावा लागतो. मी मीटरच्या बाजूने आहे.

ऊस-केमिस्ट:

साखर कारखान्याकडून एक वेगळी बाजू. आमचा को-जनचा (वाफेबरोबर वीजही करणारा) बॉयलर 67 किलो प्रेशरचा आहे, पाणी आरओ-डीएमचं (जवळपास सगळे क्षार काढलेलं). तिथे मेकअपमध्ये हार्डनेस येणं दुर्मीळ, आणि आरओनंतर कंडक्टिव्हिटीच (पाण्याची वीजवाहकता) पुरेशी बोलते. आमची भीती कंडेन्सेटची (वाफ थंड होऊन परत येणाऱ्या पाण्याची). रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरमधून रस निसटला की साखर थेट बॉयलरमध्ये जाते, पीएच कोसळतो, ड्रममध्ये फेस होतो. ते हार्डनेस मीटरला दिसत नाही. त्यासाठी साखर ओळखणारी अल्फा नॅफ्थॉलची टेस्ट हाताने, दर तासाला, माणूसच करतो. म्हणून 'प्रत्येक बॉयलरला ऑनलाइन हार्डनेस' असा सरसकट नियम मला मान्य नाही. पैसा आधी तुमच्या पाण्यात जे येऊ शकतं त्यावर घाला.

एकच अपवाद. टर्बाईनची वाफ थंड करणाऱ्या सरफेस कंडेन्सरची ट्यूब गळली तर कूलिंग वॉटरचा हार्डनेस कंडेन्सेटमध्ये येतो. तिथे मीटर ठेवला तर कामाचा.

वाफेचा माणूस:

केमिस्ट साहेब, मान्य. माझं म्हणणं सॉफ्टनरवर चालणाऱ्या बॉयलरपुरतं आहे, शीर्षकात तसंच आहे.

रात्रपाळी, तुमचे दोन मुद्दे मी एकत्र बांधत नाही. परचेसला बाटली मिळत नाही हा मीटरचा दोष नाही. तुमच्या किटचा बफरही त्याच परचेसमधून येतो, तो संपल्यावर लॉगबुक कसं भरलं जातं हे दोघांनाही माहीत आहे. काच पिवळी पडते हे मात्र खरं. सॅम्पल लाईनला फिल्टर आणि आठवड्याला चेंबर पुसणं, हे कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवलं नाही तर मीटर घेऊ नये. उकाड्यासाठी मीटर शेडबाहेर पाण्याच्या खोलीत बसवता येतो.

पण अलार्म हा खरा घोटाळा आहे. अलार्म वाजून माणूस उठणार, हे मला नकोच. मीटरचा रिले (आपोआप चालणारा स्विच) सॉफ्टनरच्या आउटलेटच्या व्हॉल्वला जोडा. पाणी घसरलं की फीड टँकला जाणारी लाईन बंद आणि रिजनरेशन सुरू. वायर काढायचा प्रश्नच येत नाही, कारण वाजत काही नाही.

रात्रपाळी:

आणि रात्री दोनला लाईन बंद झाली की बॉयलर लो-वॉटरला ट्रिप (पाणी कमी म्हणून आपोआप बंद). सायझिंगचा बीम (सुताचा मोठा रोल) अर्ध्यात थांबला, सूत सिलिंडरवर करपलं. मालक मीटरला नाही, मला बोलणार.

वाफेचा माणूस:

फीड टँक किती घनमीटरचा आहे?

रात्रपाळी:

पाच.

वाफेचा माणूस:

मेकअप ताशी तीन, बाकी कंडेन्सेट येत राहतं. टँक भरलेला असेल तर दीड तासाहून जास्त वेळ आहे. रिजनरेशन, मिठाचं पाणी आणि धुणं धरून, तासभरात होतं. तुमचा बॉयलर ट्रिप होणार नाही. झालाच तर टँक आधीच अर्धा होता असं समजा, आणि लेव्हल अर्ध्यावर येऊ द्यायची नाही हा नियम मीटरशिवायही पाळायला हवा.

रात्रपाळी:

टँक भरलेला ठेवणं माझ्या हातात आहे, तेवढं मान्य. व्हॉल्वला जोडायचा असेल तर लावा. पण बायपास व्हॉल्वला कुलूप घाला आणि किल्ली मालकाकडे नको, शिफ्टच्या अटेंडंटकडे द्या. आणि माझी दर दोन तासांची हाताची टेस्ट मी बंद करणार नाही. मीटर आणि किट एकाच सॅम्पल टॅपवरून जुळले नाहीत तर त्या रात्री किटचं ऐकायचं.