अनुभव धागा: घरातल्या घरात बाळाची वाढ

चाफेकळी: आवराआवरीत जुना खुळखुळा हाताला लागला, म्हणून धागा काढतेय. सुरुवात पालथं घालण्यापासून. बाळ जागं हवं, दूध पिऊन थोडा वेळ झालेला हवा. आधी दिवसातून दोन-तीनदा, ३ ते ५ मिनिटं. हळूहळू सगळं मिळून ३० मिनिटांपर्यंत न्या. बाळ रडतं कारण कोपरं मागे जातात आणि भार मानेवर येतो. टॉवेलची घट्ट वळकटी छातीखाली, काखेच्या रेषेत ठेवा, कोपरं खांद्यांच्या पुढे घ्या. झोपवायचं मात्र पाठीवरच.

मुक्कामपोस्ट: वळकटी पोटाखाली सरकली की दूध बाहेर. छातीखालीच!

सावकाश: खुळखुळा तोंडासमोर नको, एका बाजूला धरा. वाजवा आणि थांबा, मान वळेपर्यंत. बोलण्याचंही तेच. बाळ ‘अऽऽ’ म्हणालं की आपणही ‘अऽऽ’ म्हणायचं आणि मनात दहा मोजायचे. आधी पाय हलतात, मग ओठ चाळवतात, मग आवाज येतो. आपण मध्येच बोललो की त्याची पाळी गेली.

दुपटंवाली: कपड्यांच्या घड्या घालता घालता होणारा खेळ, साधारण ८व्या महिन्यापासून: चमचा दुपट्याखाली लपवा, पण आधी अर्धा बाहेर ठेवून. एकदम सगळा झाकला तर शोधतच नाही, त्याच्या लेखी चमचा संपला. आणि हातात काय द्यायचं? टॉयलेट रोलच्या नळीतून जे आरपार जातं ते देऊ नका, घशात अडकू शकतं.

नवीआई: वॉकर कधी आणू? ५ महिने झाले, अजून पालथं पडत नाही, सगळे विचारतात :(

सावकाश: आणूच नका. त्यात बाळ चवड्यांवर ढकलत जातं, तोल सांभाळायला शिकत नाही, पडण्याचा धोका वेगळाच. कॅनडात २००४पासून विक्रीवरच बंदी आहे. उभं राहून ढकलायचा पांगुळगाडा वेगळा, तो नंतर.

चाफेकळी: नवीआई, धीर धरा गं. बाळ लवकर जन्मलंय का? ६ आठवडे आधी असेल तर ४ महिन्यांचं बाळ अडीच महिन्यांचं धरायचं. पण एकच हात वापरत असेल किंवा मान धरत नसेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

नवीआई: हो, ५ आठवडे आधी! हे कुणी सांगितलंच नव्हतं. मान धरतंय छान.

मुक्कामपोस्ट: टॉवेलची वळकटी सुटते हो सारखी. रबरबँड लावू?

दुपटंवाली: रबर नको, तोंडात जाईल. चार टाके घाला, धुताना उसवा.