स्वतःचं मन कोरडं पडलेलं असताना रविवारी संदेश द्यावा का?

नवा_पाळक:
सगळ्यांना सलाम. मी एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचा पाळक (पास्टर) आहे, आणि हा प्रश्न मंडळीत कुणाला विचारता येत नाही म्हणून इथे टाकतोय. गेले काही महिने प्रार्थनेला बसलो की आतून काहीच हलत नाही. देव नाहीच असं वाटत नाही, शंका म्हणावी तशी शंकापण नाही, पण बायबल उघडलं की डोकं लगेच संदेशाचे मुद्दे काढायला लागतं, मुद्दा एक, मुद्दा दोन, शेवटी आवाहन, स्वतःसाठी म्हणून वाचणं जवळजवळ बंदच झालंय. आणि रविवार तर येतच राहतो. मधे आजाऱ्यांच्या भेटी, प्रार्थनासभा, कुणाच्या घरातलं भांडण मिटवायला जाणं, मग शनिवारी मुलं झोपली की टेबलाशी बसायचं.

एवढ्यात एका तरुण जोडप्याच्या बाळाचा दफनविधी केला. पेटी एवढीशी होती की बाप गाडीत ती मांडीवर घेऊन बसला होता, झाकणाची एक कड सारखी अंगठ्याने घासत होता, आणि मधेच त्याने विचारलं, पास्टर, देव आत्ता कुठे आहे? मला काही बोलता आलं नाही, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिलो. लगेचच्या रविवारी वचन होतं फिलिप्पैकरांस पत्र ४, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. मी संदेश दिला, लोक दारात हात मिळवून म्हणाले छान झाला. घरी येऊन मला जेवण गेलं नाही. जे मला जाणवत नाही ते मी दुसऱ्यांना सांगायचं, हे ढोंग नाही का? मन ठिकाणावर येईपर्यंत वेदीपासून लांब राहावं का? कृपया खरं ते सांगा, बरं वाटावं म्हणून लिहू नका.

निवृत्त_पाळक:
बेटा, आयुष्य याच सेवेत गेलं म्हणून थोडं हक्काने लिहितो. तुझा प्रश्न जसाच्या तसा जॉन वेस्लीला, म्हणजे पुढे मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या इंग्रज उपदेशकाला, पडला होता. १७३८ च्या मार्चमध्ये त्याला वाटलं की मला तारणारा विश्वासच नाही, मग मी उपदेश कोणत्या तोंडाने करू, बंद करतो. त्याने पीटर बोहलर या मोरावियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मित्राला विचारलं. बोहलर म्हणाला अजिबात थांबू नकोस, विश्वास मिळेपर्यंत विश्वासाचाच उपदेश कर, आणि मिळाला की मिळालाय म्हणून कर. वेस्ली लगेच कामाला लागला आणि या नव्या रीतीने पहिल्यांदा बोलला तो फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याशी. पुढे २४ मेला लंडनमध्ये ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत कुणीतरी रोमकरांस पत्रावरची धर्मसुधारक मार्टिन लूथरची प्रस्तावना वाचत होतं, ती ऐकताना त्याचं मन उबदार झालं, हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्याच्या आधीचे ते आठवडे कुणी सांगत नाही, आणि तुला गरज त्या आठवड्यांची आहे.

ढोंग कधी होतं? नसलेला आनंद चेहऱ्यावर आणून दाखवलास तर होतं. वचनात जे लिहिलंय ते वाचून, समजावून सांगितलंस तर ते ढोंग नाही, कारण ते वचन तुझ्या मनाच्या अवस्थेवर उभंच नाहीये. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेच्या मंडळ्यांमध्ये डोनॅटिस्ट नावाच्या फुटीर गटाच्या लोकांनी हाच वाद घातला होता की छळाच्या वेळी डगमगलेल्या धर्मगुरूंच्या हातून झालेले विधी खरे धरायचे का, आणि तिथल्याच बिशप ऑगस्टीनने ठामपणे मांडलं की देणारा ख्रिस्त आहे, सेवकाच्या लायकीवर ते दान अवलंबून नाही. याचा अर्थ पाळकाने कसंही वागावं असा कुणी काढू नये, पण तुझं कोरडेपण हे पाप नाही.

गाडीत गप्प बसलास ते योग्य केलंस. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत, त्यांच्या हातून झालेली चांगली गोष्ट तेवढीच, तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. आणि फिलिप्पैकरांस पत्र पौलाने बंदिवासातून लिहिलंय, हे त्या दिवशी सांगितलं होतंस का? ते सांगितलं की त्या आनंदाचा अर्थच वेगळा होतो, दुःखात असलेल्या माणसालाही तो ऐकवतो.

एक सुचवतो. आनंदाची वचनं जरा बाजूला ठेव आणि विलापाचं एखादं स्तोत्र घे. १३ वं घे, नाहीतर सरळ ८८ वं घे, जे अंधारातच संपतं, शेवटी दिलासासुद्धा नाही. असं स्तोत्र देवाच्या ग्रंथात ठेवलेलं आहे, म्हणजे असं देवाला म्हणता येतं.

पाळकाची_बायको:
भाऊ, वरच्या काकांनी लिहिलंय ते बरोबरच आहे पण मला तुमची पोस्ट वाचून आधी वाटलं की तुम्ही थकलाय. आमच्या घरी मी हे जवळून बघितलंय. माणूस घरात असतो पण नसतो, मुलगी शाळेतलं काहीतरी सांगत असते आणि हे हूं हूं करत असतात, मी ओळखते की आत संदेश चालू आहे. फोन रात्रीपण उशाशी. सगळ्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करून येणार आणि आमची घरातली प्रार्थना राहून जाणार, ते मला फार लागायचं.

१ राजे १९ वाचा, पण संदेशासाठी नको, नुसतं वाचा. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून म्हणतो पुरे झालं, माझा प्राण घे. देवदूत त्याला रागावत नाही, विश्वास कुठे गेला असं विचारत नाही, ऊठ आणि खा म्हणतो, तो खातो, परत झोपतो, परत उठवून खायला घालतो, कारण पुढची वाट तुला झेपणार नाही. होरेब डोंगर आणि देवाचा तो मंद आवाज नंतर आला, आधी झोप आणि जेवण. तुम्ही शनिवारी रात्रभर बसता, रविवारी जेवत नाही, मग मन कोरडं पडणार नाही तर काय होणार?

आणि निर्गम १८ मध्ये मोशेला त्याचा सासरा इथ्रो स्पष्ट सांगतो की हे तू करतोस ते बरं नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील, माणसं नेम. मंडळीतल्या वडिलांना (एल्डरांना) आजाऱ्यांच्या भेटी वाटून द्या की. आणि हे सगळं तुमच्या मिसेसना सांगितलंय का? त्यांना इथल्या लोकांच्या नंतर कळता कामा नये.

मागच्या_बाकावरचा:
मी पाळक नाही, ऐकणारा आहे, म्हणून थोडं वेगळं लिहितो, कुणी राग मानू नका. दारात छान झाला संदेश असं आम्ही सवयीने म्हणतो, त्यावरून काही ठरवू नका, ना चांगलं ना वाईट.

निवृत्त पाळक सरांचा मान ठेवून सांगतो की फक्त वचन समजावून सांगा, तुमच्या अवस्थेचा संबंध नाही, हे मला पूर्ण पटत नाही. त्याच्या आडोशाला पाळक आयुष्यभर लपू शकतो. माझी नोकरी गेली होती तेव्हा आमच्या पाळकांनी मत्तय ६ वर, उद्याची चिंता करू नका यावर संदेश दिला, आणि मधे थांबून म्हणाले, या वचनाशी मी स्वतः अजून झगडतोय, पण हे प्रभूचं आहे म्हणून तुमच्यापुढे ठेवतो. एवढंच एक वाक्य. मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं, कारण वाटलं हा माणूस माझ्याच बाजूला बसलाय. मार्क ९ मधला आजारी मुलाचा तो बाप एकाच दमात म्हणतो ना, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका, तसं वेदीवरून कुणी बोललं की आम्हाला प्रार्थना करायला जमतं.

पण रडगाणंही नको. सगळं पोतं मंडळीपुढे रिकामं केलं तर लोक तुमचीच काळजी करत घरी जातील. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा जगाला कळलं की त्यांनी कित्येक दशकं आतला अंधार सोसला, पण त्या गप्प राहिल्या नव्हत्या, आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना त्यांनी ते लिहून कळवलं होतं. असं एक माणूस तुम्हाला आहे का? माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तिथे अडकलाय, ढोंगाचा वगैरे नंतरचा.

वचनपाठ_वाला:
तयारीबद्दल थोडक्यात. वचन दर आठवड्याला स्वतः निवडू नका, त्यातच निम्मी शक्ती जाते. १९९२ ची रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी आहे, म्हणजे कोणत्या रविवारी बायबलचा कोणता भाग वाचायचा याची यादी, तीन वर्षांचं चक्र, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, योहान अधूनमधून. पाठ आधीच ठरलेला असतो, सोमवारीच एकदा वाचून ठेवायचा आणि भेटींना जाताना डोक्यात राहू द्यायचा. दुसरं म्हणजे ज्यावर संदेश देणारच नाही असं एक पुस्तक स्वतःसाठी ठेवा. मी विलापगीत ठेवलं होतं, वही पेन न घेता वाचायचं, मुद्दे सुचले तरी लिहायचे नाहीत. सुरुवातीला हात शिवशिवतो पण जमतं.

नवा_पाळक:
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, हिला सांगितलं, तिला आधीच माहीत होतं, मी बोलण्याची वाट बघत होती म्हणाली. भेटींचं वडिलांशी बोललो, दोघे तयार आहेत. या रविवारी ८८ वं स्तोत्र घेतोय आणि त्याला जबरदस्तीने आशेचा शेवट जोडणार नाही, त्यानंतर प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) आहेच, तिथे जे बोलायचं ते प्रभू बोलेल. एक राहिलं. बोलायला माणूस कसा शोधायचा? माझ्या वरच्यांना सांगितलं तर बदलीचा विषय निघतो.

निवृत्त_पाळक:
वरच्यांना सांगू नकोस मग. तुझ्या मंडळीबाहेरचा बघ, दुसऱ्या संप्रदायाचा असला तरी चालेल, उलट बरं, त्याचं तुझ्यावर काही अवलंबून नसतं. वयाने मोठाच हवा असं नाही, पण ऐकलेलं पोटात ठेवणारा पाहिजे. पहिल्याच भेटीत सगळं सांगायची घाई नको. महिन्यातून एकदा भेटायचं, आधी तू बोल, मग त्याचं ऐक, आणि एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना करा. पुढची तारीख ठरवल्याशिवाय उठायचं नाही, नाहीतर दोन पाळकांची भेट परत कधी होत नाही.